ओहोटीची वेळ

दादा,

तुझा फोन लागत नाही. बाबा सहलीला आजच पुढे गेले. "खोल्या बघून ठेवतो," म्हणाले, पण बॅग इथेच आहे आणि फोनही. मी बसने मागोमाग निघालेय. तू हे वाचताच लगेच गाडी काढ.

त्यांनी केलेलं वेळापत्रक फ्रिजवर आहे, आतातरी वाच. पाण्यातल्या किल्ल्यावर चालत जायची स्वतःची वेळ त्यांनी आज चारची लिहिलीय. आज चारला तिथे पूर्ण भरती आहे.

तू म्हणशील, पराचा कावळा करतेय, चुकले असतील. तीस वर्षं बंदरात भरती-ओहोटीचे तक्ते लिहिलेत त्यांनी.

आणि खालची ओळ बघ. आपली वेळ उद्या सकाळी दहाची आहे. ती बरोबर ओहोटीची आहे.