घाटासाठी योग्य यंत्र

५ जुलै २००८, शनिवार

निर्णय घेतला. मृण्मयीला बाळंतपणाला माहेरी आणायचं ते स्वतःच्या गाडीने. कल्याणला व्याह्यांना फोनवर सांगूनही टाकलं. ट्रेन नाही, भाड्याची गाडी नाही. बाप स्वतः गाडी घेऊन दारात उभा राहणार. फोन ठेवल्यावर तळहात ओले लागले. उकाडा आहे.

उत्तरा म्हणाली, अहो, दसऱ्याला घेतल्यापासून गाडी तुम्ही गंगापूर रोडच्या पुढे नेलेली नाही. बायकोने इतकं बारीक लक्ष ठेवू नये. म्हटलं, नेली नाही, कारण साधन नव्हतं. पेपरात आलंय, जीपीएस नावाचं यंत्र निघालंय. गाडीत काचेला चिकटवायचं. आकाशातल्या उपग्रहावरून बघून रस्ता सांगतं. ते आलं की झालं.

६ जुलै, रविवार

रामकुंडावर बाळाजीदादाकडे जाऊन आलो. चुलतभाऊ, पण पंचांगाच्या बाबतीत त्याच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणी जात नाही. कल्याणला डोहाळजेवण सत्तावीस तारखेला. त्यानंतर आणायची. मात्र नागपंचमीला आठवा महिना लागतो आणि आठव्यात पोटुशीने वेस ओलांडायची नाही. सातव्यात आणली नाहीस तर एकदम नवव्यात, आणि नवव्यात घाट चढवणं म्हणजे तू आणि तुझं नशीब, असं दादा म्हणाला. वर विचारतो, ट्रेनने आणशील ना? म्हटलं, त्या धक्काबुक्कीत? दादा म्हणाला, आपल्या घरातल्या सगळ्या पोरी तशाच आल्या.

वेळ भरपूर आहे. यंत्र निवडणं हा एका रविवारचा प्रश्न.

८ जुलै, मंगळवार

नोंद करून ठेवतो. मी घाबरट नाही. मी विमा कंपनीत मोटार क्लेम बघतो, त्यामुळे मला माहिती जास्त आहे, एवढंच. कसाऱ्याचा घाट मी गाडीने एकदाही उतरलो नाही, पण फोटोवरून त्याचं कुठलंही वळण ओळखून दाखवतो.

आज आलेली फाईल: व्हॅन, घाटातली, पुढचा भाग नाही. सर्व्हेअरने शेवटी शेरा मारलाय, ब्रेक सुस्थितीत होते. दिवसभर तेवढंच वाक्य डोक्यात. सुस्थितीत होते! मग माणसाने विश्वास ठेवायचा कशावर? डबा तसाच परत आणला. उत्तराला सांगितलं, भेंडीला तार सुटली होती.

१३ जुलै, रविवार

कॉलेज रोडला कुंदनच्या दुकानात. हा मुलगा सीट कव्हरं आणि स्टिरिओ विकतो, आता जीपीएसही. त्याच्याकडे तीन प्रकार निघाले. पहिल्यात इंग्लिश बोलणारी बाई. आपण चुकलो की ‘रीकॅल्क्युलेटिंग’ म्हणते, आणि ज्या स्वरात म्हणते त्यात अपमान आहे. दुसऱ्यातली हिंदी बोलते, आवाज मायाळू. पण घाटात मायाळूपणा काय कामाचा? तिसऱ्याचा पडदा मोठा. मोठा पडदा म्हणजे तेवढी समोरची काच झाकली गेली. मी स्वतः असा क्लेम नामंजूर करीन.

कुंदनला विचारलं, दरी कोणत्या हाताला आहे हे यातलं कोणतं सांगतं? तो म्हणाला, काका, दरी दिसतेच की. म्हटलं, धुक्यात? तर म्हणे, काका, धुक्यात जाऊच नका ना. असल्या पोरांच्या हाती दुकानं आहेत.

इंग्लिश बाई ट्रायलवर घरी आणली. उत्तराने तिला बघून नुसतं हं केलं.

१६ जुलै, बुधवार

यंत्राची चाचणी घेतली. रिक्षात. यात हसण्यासारखं काही नाही; यंत्र तपासताना चालवणारा दुसरा असलेला बरा, म्हणजे निरीक्षण नीट होतं. कोपऱ्यावरच्या गोटीरामची रिक्षा केली, यंत्र मांडीवर, जायचं ठिकाण द्वारका चौक. वाटेत बाई म्हणाली उजवीकडे. गोटीराम म्हणाला, साहेब, तिकडून वन वे हाय. मी म्हटलं, ती आकाशातून बघतेय, तू रिक्षातून बघतोयस, वळ. वळला. समोरून एक सिटी बस थेट अंगावर आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शिट्टी वाजत होती आणि गोटीराम पोलिसाला सांगत होता, मला नाय, त्या बाईला विचारा, लय शहाणी हाय ती.

निष्कर्ष: यंत्र चांगलं आहे, शहर वाईट आहे. तरी बदलून हिंदी आणतो. बसचा नंबर अजून डोळ्यासमोरून जात नाही.

२० जुलै, रविवार

आज प्रत्यक्ष गाडीत चाचणी. कव्हर काढलं, बोनेट पुसलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, पट्टा लावला. ठिकाण म्हणून आपल्याच सोसायटीचा पत्ता घातला. यंत्र गोड आवाजात म्हणालं, आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं. ऐकून फार बरं वाटलं. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं.

मग धीर करून कल्याणचा पत्ता घातला. पडद्यावर रस्ता आला. इगतपुरीपर्यंत सरळ, आणि पुढे घाटात कुणी दोऱ्याचा गुंता टाकावा तसा. बंद केलं. बॅटरी वाचवणं चांगलं.

उत्तरा चहा घेऊन खाली आली. इंजिन का चालू नाही म्हणाली. ड्रायव्हर ठेवू या का, असंही विचारलं. म्हटलं, ड्रायव्हरांच्या फाईली रोज मीच बघतो. त्यावर ती म्हणाली, मग तुमची कोण बघणार? मला हा प्रश्न अजिबात आवडला नाही.

२७ जुलै, रविवार. कल्याणहून परतताना

डोहाळजेवण छान झालं. आम्ही ट्रेनने गेलो, कारण यंत्र पक्कं ठरायचंय आणि अर्धवट तयारीनिशी रस्त्यावर उतरणं मला मान्य नाही.

मृण्मयीला हिरवी साडी, फुलांचा मुकुट. पाय सुजलेत. ओटी भरताना सगळ्या बायका गात होत्या आणि ती माझ्याकडे बघत होती. व्याही मोठ्याने म्हणाले, काय गायधनी, गाडी कुठे लावलीत? मी म्हटलं, शुक्रवारी सूर्यग्रहण आहे, ते सुटू दे, मग नेतो. ग्रहणात पोटुशीला बाहेर काढायचं नाही, हे तर कुणीही मानेल. ग्रहण इतक्या वेळेवर येईल असं वाटलं नव्हतं.

बाळाजीदादाचा फोन: चार ऑगस्टचा श्रावणी सोमवार घे, त्यानंतर हात टेकले. म्हणजे तीनला जायचं, चारला आणायचं. उत्तरा तिथेच राहिली. निघताना मृण्मयी जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, बाबा, नक्की याल ना? इथे रात्री फार विचार येतात मला. म्हटलं, म्हणजे काय! बाप आहे की कोण?

१ ऑगस्ट, शुक्रवार

ग्रहण. ऑफिसात सगळे काळ्या फिल्ममधून बघत होते. मी बघितलं नाही. संध्याकाळी कुंदनकडून मोठ्या पडद्याचं यंत्र घेतलं, बसवूनही. हिंदीवालीला ‘सँभलकर’ हा शब्द येत नाही, मी सगळे आवाज तपासले. ही तिसरी कमी बोलते. कमी बोलणारी बरी.

आज घरात मी एकटाच. खरं सांगायचं तर भीती वाटते. स्वतःची नाही. मी मेलो तर माझी फाईल नीटनेटकी आहे, वारसनोंद आहे, सगळं आहे. पण मागच्या सीटवर मृण्मयी असेल आणि माझा पाय ब्रेकऐवजी भलतीकडे पडला तर? ती आणि तिचं बाळ. तो फोटो कुणाच्या टेबलावर जाईल? माझ्याच.

हे वाक्य लिहायला नको होतं. उद्या टायरची हवा तपासायची.

३ ऑगस्ट, रविवार. कल्याण, संध्याकाळ

पोचलो! आणि गाडीही बाहेर काढली. सविस्तर लिहितो.

सकाळी निघालो. पाथर्डी फाट्याला ट्रकांत सापडलो. दोन्ही बाजूंनी ट्रक, मध्ये मी. यंत्र म्हणत होतं सरळ जा, पण सरळ म्हणजे नेमकं कुणाच्या मागून, हे सांगत नव्हतं. तेवढ्यात पुढे इगतपुरीची एसटी दिसली आणि युक्ती सुचली. एसटीचा ड्रायव्हर रोज जातो, तो कशाला दरीत घालेल? तिच्या मागे लागलो. ती थांबली की मी थांबायचो, ती सुटली की मी. एका थांब्यावर एका बाईने काळी-पिवळी समजून कोथिंबिरीची पाटी मागच्या सीटवर ठेवली. ती उतरवून घेण्यात एसटी निसटत होती, ओरडून थांबवली. घोटीला ती स्टँडात शिरली, मीही शिरलो. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, काका, आमच्या मागं का लागलाय? काय तक्रार हाय का? म्हटलं, निरीक्षण. तो बिचारा टोपी नीट करून परत गेला.

इगतपुरीत एसटी हायवे सोडून गावात वळली. यंत्र मागे फिरा, मागे फिरा म्हणत राहिलं. मी एसटीच्या मागेच. स्टँडात ती थांबली, ड्रायव्हर उतरून चहाला गेला. पुढे घाट. धुकं असं की समोरचं होर्डिंग दिसेना, आणि वर पावसाची झड. मी बराच वेळ थांबलो. ड्रायव्हर चहा पिऊन आला आणि बस नाशिककडे वळवून घेऊन गेला.

स्टेशन जवळच होतं. गाडी स्टेशनाबाहेर नीट लावली, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि मुंबईकडे जाणारी ट्रेन पकडली. याला घाबरणं म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात. इथे सगळ्यांना समजावून सांगितलं की गाडी घाटाच्या वर ठेवून आलोय. पोटुशीला घाट ट्रेनने चढवायचा, धक्के नाहीत, आणि इगतपुरीहून पुढे सपाट रस्ता, आपल्या गाडीने. जावई यशोधन म्हणाला, बाबा, काय डोकं आहे तुमचं. उत्तरा म्हणाली, मोजे ओले आहेत, काढा.

४ ऑगस्ट, सोमवार. नाशिक, घरी

मृण्मयी घरी आली. सुखरूप. आत झोपली आहे.

इगतपुरीला ट्रेनचं इंजिन बदलतात, त्यामुळे वेळ मिळतो. उत्तराला म्हटलं, तुम्ही सावकाश उतरा, मी तोवर गाडी फाटकाशी आणतो. गाडीत बसलो. यंत्र लावलं. पडद्यावर एकच वाक्य, उपग्रह शोधत आहे. वर सगळं ढगाळ, त्याला आकाशच सापडेना. म्हटलं, त्याला सापडलं की निघू. मग सवयीने मागे बघायच्या आरशात नजर गेली. मागची सीट रिकामी होती, तरी मला तिथे मृण्मयी दिसली, पोटावर हात ठेवून बसलेली. आणि सगळ्या फाईली एकदम डोळ्यांपुढून गेल्या. किल्ली लावायला गेलो तर ती भोकात जाईना. एकदा, दोनदा. घाट मागे राहिला होता, पुढे साधा सपाट रस्ता होता आणि मला तोही जमत नव्हता. मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती, म्हणून उतरलो.

प्लॅटफॉर्मवर आलो तर दोघी उतरलेल्याच नव्हत्या. बॅगा वर जशाच्या तशा. उत्तरा तिला पोळीचा लाडू भरवत होती. मी दाराशी उभा राहून सांगायला लागलो की ढग आहेत, यंत्राला वेळ लागतो, थोडं थांबलं तर… उत्तराने पर्समधून तिकिटं काढून दाखवली. तिने ती काल संध्याकाळीच नाशिकरोडपर्यंतची काढून आणली होती. वर चढा, म्हणाली, इंजिन लागलं.

चढलो. मृण्मयीच्या शेजारी बसलो. घोटी मागे पडली. मग मीच म्हटलं, बाळा, खरं म्हणजे आज यंत्र…

ती म्हणाली, बाबा, राहू द्या. भीती वाटली ना? मलाही वाटते. रोज वाटते. पण मला तुमच्यासारखं मध्येच इगतपुरीला उतरता यायचं नाही.

ती रागावून बोलली नाही. खिडकीतून बाहेर बघत बोलली. इतकी वर्षं लोकांना कुठे काय झालं, का झालं, हे लिहून देतो मी, आणि माझ्या मुलीला सांगण्यासारखं माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. तिचा हात हातात घेतला. तो माझ्यापेक्षा गार होता. नाशिकरोड येईपर्यंत तसाच धरून बसलो.

स्टेशनाबाहेर रिक्षा केली. तिला मध्ये बसवलं. रिक्षावाल्याला हळू चालव म्हणायचं होतं. ते उत्तराने सांगितलं.