तीस हजार एकतीस

ता. ३ एप्रिल

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

माझ्या निवृत्तीनिमित्त शाळा गणिताच्या वर्गावर दगडी पाटी बसवते आहे. काम तुझ्याकडे आलं ते तुझं दुकान जवळ म्हणून, माझ्या शिफारशीने नव्हे. मजकूर असा : '३००३१. एक आणि ती स्वतः, यांखेरीज हिला कोणीही भागू शकत नाही.' खाली माझं नाव. शुद्धलेखन स्वतःच्या डोक्याने सुधारू नकोस.

आशीर्वाद मोजून वापरावेत.
दादा

ता. ६ एप्रिल

ती. दादांस सा. न.

वहिनींचा गुडघा बरा असेल. तुमची जीभ बरी आहे, हे पत्रावरून कळलं.

पाटी कोरायला बसलो आणि छिन्नी थांबली. गेल्या वर्षी सूतगिरणीच्या लांब व्हरांड्यात चार इंची फरशी बसवली. आडव्या एकोणसाठ, उभ्या पाचशे नऊ, आणि एकही तोडावी लागली नाही. असं काम फरशीवाला जन्मात विसरत नाही. एकूण लागल्या तीस हजार एकतीस. म्हणजे तुमच्या संख्येला भाग जातो दादा, आणि त्यावरून रोज हातगाड्या जातात.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.
बारक्या

ता. ९ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद.

दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार कर, त्यात एक मिळव, हीच संख्या येते. आता यांतल्या कशानेही भाग, बाकी एक उरतेच. मग भागणार कोण? छत्तीस वर्षं हे फळ्यावर सांगितलं, एकाने तोंड उघडलं नाही. शाळा अर्धी सोडलेल्याने मला शिकवू नये. व्हरांड्यात एखादी ओळ चुकून मोजली असशील. कोरायला हात दिलेत, ते चालव. पुढच्या शनिवारी समारंभ आहे. जमत नसेल तर दगड परत पाठव.

दादा

ता. १३ एप्रिल

ती. दादांस सा. न.

तेरापर्यंत कोणी भागत नाही, कबूल. पण तेराच्या पुढे संख्या संपल्या, असं कोणी सांगितलं? आणि तुमच्यापुढे तोंड उघडायची कोणाची छाती होती? मीही शाळा तुमच्याच वर्गातून सोडली.

गिरणीचा पहारेकरी काल दुकानात आला होता. म्हणाला, रविवारी एक चष्मेवाले गुरुजी आले, चपला बाहेर काढल्या आणि खडूने खुणा करत अख्खा व्हरांडा मोजला. दोनदा. मग पायरीवर बसून पाणी मागितलं. फरशी कोणाची, विचारलं. माझं नाव ऐकून एवढंच बोलले, "दाराजवळची एक हलतेय."

जाऊन पाहिली. हलत होती. पक्की केली.

पाटीवर आकडा कोरलाय, पुढचं वाक्य नाही. दगड पुसता येत नाही आणि सगळ्या गावाने तुम्हाला हसलेलं मला चालणार नाही. ते काम मी एकट्याने बरीच वर्षं सांभाळलंय. काय कोरू, कळवा.

बारक्या

ता. १५ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद.

आकड्यापुढे कोर : '= ५९ × ५०९'. खाली माझं नाव. समारंभात मुलांना चूक मीच सांगेन, तू मध्ये बोलू नकोस. पहिल्या रांगेत बस.

गुणिलेची खूण नीट तिरपी काढ. तुझी नेहमी अधिकसारखी दिसते.

दादा