पाटावरचा दर

रविवार, २८ जुलै १९९१
अठराव्या पाटावर नवा दर लिहिता लिहिता खडू संपला. हिरामणला दुसरा मागितला. म्हणाला, नाय हाय. त्याच्या खिशात दिसत होता.

हमरापूरची ही गणपतीच्या मूर्तींची शेड सासऱ्यांची. आता चंद्रावती, म्हणजे माझी पत्नी, आणि तिचा भाऊ हिरामण चालवतात. गिऱ्हाइके दोन महिने आधी आपला पाट आणून देतात, चतुर्थीला त्यावरून गणपती नेतात. पाट घेतला की दर गेल्या वर्षीचाच, ही सासऱ्यांची पद्धत. सासरे अर्थशास्त्र शिकले नव्हते. मी पेणच्या कॉलेजात शिकवतो.

आखातात युद्ध झाले. तेल महाग, म्हणून रंग महाग, शाडूचा ट्रक महाग. दर तीस टक्के वाढवले. चंद्रावतीला विचारले नाही. ती मूर्तीचे डोळे रंगवत होती. तेव्हा ती बोलत नाही.

शुक्रवार, २ ऑगस्ट
दुसरी सुधारणा. पूर्ण पैसे आगाऊ. रिझर्व्ह बँक पैसा आवळते आहे, आपणही आवळावा.

रविवार, ११ ऑगस्ट
वरसे गावचा महिपती आला. रोह्याला कंपनीत आहे. त्याच्या घरचा पाट बत्तीस वर्षे इथेच येतो. कंपनीत एक शिफ्ट बंद, याला आठवड्याला तीनच दिवस काम. पाटावरचा खडू त्याने बाहीने पुसला.

"मास्तर, देवाच्या पाटावर दर लिवलाय व्हय?"

मी खर्चवाढ समजावली. त्याने सगळे ऐकून घेतले, रिकामा पाट खांद्यावर टाकला आणि गेला. चंद्रावतीने कुंचला खाली ठेवला. एक डोळा राहिला.

तात्पुरता परिणाम.

रविवार, २५ ऑगस्ट
नऊ पाट परत गेले. रंगवणाऱ्या सरू आणि सगुणा चार दिवस घरी बसून आहेत. मूर्ती उभ्या. दर मात्र उतरवला नाही. शिस्त.

शनिवार, ३१ ऑगस्ट
रोह्याला वाचनालयात व्याख्यान. विषय: स्टॅगफ्लेशन, म्हणजे महागाई आणि मंदी एकदम. श्रोते अकरा, शिपाई धरून.

सांगितले की तेल महागले की सगळ्याचा खर्च वाढतो, दर चढतात, माल पडून राहतो, कामे जातात. बँकेने पैसा सैल सोडला तर दर आणखी चढतात. आवळला तर कामे आणखी जातात, आणि तेल काही त्यामुळे स्वस्त होत नाही. मोठी अवघड जागा आहे. असल्या वेळी हाती सत्ता असलेल्याने घाई करू नये, असा समारोप केला.

शेवटच्या रांगेत महिपती होता. म्हणाला, "म्हंजे तुमच्या शेडात झालं तसंच."

लोक हसले. व्याख्यानात शेडचा उल्लेखही नव्हता. सामान्य श्रोत्याला सिद्धांत जड जातो.

मंगळवार, १० सप्टेंबर
कॉलेजातून शेडात. निम्म्याहून जास्त मूर्ती गेलेल्या. बाजार ताळ्यावर आला. धोरणाला वेळ द्यावा लागतो. हिरामणला विचारले, नव्या दराने गेल्या ना? तो टेम्पोखाली शिरला.

बुधवार, ११ सप्टेंबर
सरूने सांगितले. तिला वाटले मला माहीत आहे. दोन दिवस चंद्रावती टेम्पोत पुढे बसून जिते, वरसे, रोहे फिरली. घरोघरी पाट मागून घेतला, त्यावर गणपती ठेवला. दर सगळ्यांनाच गेल्या वर्षीचा. पैसे जमतील तसे.

चंद्रावतीशी गंभीरपणे बोललो. म्हणाली, "बाबांनी घेतलेला पाट मी रिकामा ठेवनार नाय."

मग म्हणाली की आपल्या घरचा पाट अजून आलेला नाही. विसरलो होतो. सकाळी आणतो म्हणालो. तत्त्वाच्या बाबतीत मात्र मागे हटलेलो नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर. गणेश चतुर्थी. सकाळी साडेसहा.
पाट नेऊन दिला. चंद्रावतीने हात पुढे केला, हिरामणने खिशातून खडू काढून दिला. तिने पाटावर नवा दर लिहिला. खाली 'आगाऊ' लिहिले.

पैसे दिले. यंदा नव्या दराने एकच मूर्ती गेली. ती घेऊन घरी आलो.