कोराडी रोडचा काटा आणि माझं पॅडिंग

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण उद्या माझ्या कामाचं नाव झालं तर तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.
सकाळी मीटिंग. कोराडी रोडवरच्या एका खासगी काट्यावर कोळशाचे ट्रक तोलले जातात. आमच्या कंपनीचा डबा, म्हणजे काट्याला जोडलेलं छोटं यंत्र, ते वजन कुलूपबंद करून ऑफिसातल्या सर्व्हरला पाठवणार. कुलूप लावणारी चावी डब्यात, ती कोणालाही मिळाली तरी चालते. उघडणारी चावी फक्त आपल्याकडे. हे सगळं झालंय. राहिलंय पॅडिंग.
गौरांग म्हणाला, तयार लायब्ररी वापरू, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून तपासलेला कोड. गौरांग आमचा मॅनेजर, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. मी म्हणालो, मी लिहितो, सी भाषेत, पहिल्या ओळीपासून. तो म्हणाला, मार्तंडजी, काहून? मी म्हणालो, कारण मी लिहू शकतो.
बावीस वर्षं दुसऱ्यांचे कोड दुरुस्त केले. डोक्यावर माझं नाव असलेली एकही फाइल कुठल्याच डब्यात गेलेली नाही. ही जाईल.
मुदत वीस तारीख. चोवीसला बाहेरचा ऑडिटर येणार. वीसला माझं चाललं नाही तर लायब्ररी. मान्य केलं. हसत.
संकल्प: रोज दीडशे ओळी. सकाळी फिरायला जाणे.

४ मार्च, मंगळवार
फिरायला गेलो नाही. मनीषनगरच्या रस्त्याचं काम चालू आहे, धूळ फार.
बायकोला, नीलाला, पॅडिंग समजावलं. ट्रकची वजनं ठरावीक असतात. नुसतं वजन कुलूपबंद केलं तर कोणीही दहा टनापासून पन्नास टनापर्यंतची सगळी वजनं त्याच चावीनं बंद करून पाहील, आणि आपलं कुठल्याशी जुळतं ते ओळखेल. म्हणून प्रत्येक वजनाबरोबर दर वेळी वेगळा, अर्थ नसलेला मजकूर भरायचा आणि सगळं एकमेकांत घोळून टाकायचं. पंचवीस मिनिटं लागली. नीला म्हणाली की, सावनेरहून आई लोणच्याची बरणी पाठवते तेव्हा भोवती जुने पेपर कोंबते, तेच ना हे? आणि त्याले तीन आठवडे?
काही गोष्टी घरी समजत नाहीत.

६ मार्च, गुरुवार
दोन दिवसांत चारशे दहा ओळी. झपाटा आहे.
एकच अडचण. पॅडिंग केलेला मजकूर दोनशे छप्पन्न बाइट असायला हवा. माझा प्रोग्राम लांबी शून्य सांगतो. मजकूर डोळ्यांना दिसतोय, तरी शून्य. कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या कंपाइलरमध्येच दोष आहे. तो बनवणाऱ्यांना मेल लिहिणार आहे.

८ मार्च, शनिवार
रोशनीनं सांगितलं. रोशनी म्हणजे आमची टेस्टर, दीड वर्षाचा अनुभव. सहज मागे उभी राहिली, जेवणाचा डबा खाता खाता म्हणाली, सर, लांबी मोजाले तुम्ही स्ट्रलेन वापरून राहिले. ते शून्य दिसलं की थांबते. आणि या पॅडिंगचा पहिलाच बाइट शून्य असते.
मला हे माहीत होतंच. ती लक्ष ठेवून आहे का ते पाहत होतो. आहे.
कंपाइलरवाल्यांना दुसरा मेल पाठवला, पहिला रद्द समजावा म्हणून.

११ मार्च, मंगळवार
काट्यावर जाऊन आलो. तिथे अजून जुनाच डबा आहे, त्याचे शेवटचे दोन आठवडे. कोळशाच्या धुळीनं शर्ट गेला.
तिथले काटाबाबू मारोतराव. साठीचे. त्यांनी मला जुन्या डब्याच्या पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर ‘एरर ७’. मारोतराव म्हणाले, साहेब, मांगच्या पावसाळ्यात हे सात आलं आन् तीन घंटे गेलं नाही. एकोणीस ट्रकांची लाइन. ड्रायव्हर लोक माह्या अंगावर. म्हणते, बाबू, काय झालं ते सांग ना गा! आता मले काय मालूम सात म्हणजे काय? तुमचा डबा बोलते तं नीट बोलाव, नाही तं गप बसाव.
तिथल्या तिथे शब्द दिला. माझा कोड बोलेल, आणि नीट बोलेल.

१२ मार्च, बुधवार
शब्द पाळला. सर्व्हरला कुलूप उघडताना काही चुकलं, तर तो नेमकं काय चुकलं ते मराठीत कळवेल. नऊ संदेश लिहिले. ‘पहिला बाइट शून्य नाही.’ ‘पहिला बाइट बरोबर आहे, पण पुढचा हॅश जुळत नाही.’ ‘हॅश जुळला, मजकुराची खूण सापडली नाही.’ असे नऊ. हॅश म्हणजे पडताळणीचा आकडा. भाषा सौम्य ठेवली. प्रत्येकाच्या शेवटी ‘कृपया’.
गौरांगनं पाहिलं. म्हणाला की, पॅडिंगच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे नियमावलीत, लिहिलंय, काहीही चुकलं तरी एकच उत्तर द्यायचं, आणि तेवढ्याच वेळात. काय चुकलं ते बाहेर कळू द्यायचं नाही.
मी विचारलं, का? तो म्हणाला, हल्ला होऊ शकतो. मी विचारलं, कसा? तो म्हणाला, ते मी वाचलं नाही पूर्ण, पण लिहिलंय.
न वाचता बोलणाऱ्यांचं ऐकून मी मारोतरावांना दिलेला शब्द मोडणार नाही. स्टँडर्ड लिहिणारे कधी काट्यावर उभे राहिले नाहीत. नऊच्या नऊ राहतील.

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. काम केलं नाही. मनातल्या मनात केलं.

१५ मार्च, शनिवार
रोशनीनं एकच वजन दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा कुलूपबंद मजकूर हुबेहूब तोच. म्हणाली, सर, पॅडिंग दर वेळी बदलाले पाहिजे ना? मग पॅडिंग लावून फायदा काय?
झालं होतं असं की यादृच्छिक आकड्यांची सुरुवात मी माझ्या जन्मतारखेपासून केली होती, म्हणून दर वेळी तेच आकडे येत. चाचणीपुरती. कायम ठेवायचा विचार होता असं नाही. आता ऑपरेटिंग सिस्टिमकडून आकडे घेतले. दर वेळी वेगळे येतात. रोशनी म्हणाली, हे मस्त झालं. तिच्या चेहऱ्यावर आदर दिसला.

१७ मार्च, सोमवार, सकाळी ११.२०
झालं! डब्यातून निघालेलं वजन सर्व्हरवर अचूक उघडलं. चाचणीला तीनशे ट्रकांची वजनं, तीनशे बरोबर. मुदतीच्या तीन दिवस आधी.
गौरांग म्हणाला, चालतंय हे दिसतंय, सुरक्षित आहे हे कसं दिसणार?
मी उभा राहिलो आणि सगळ्या ऑफिसला आव्हान दिलं. एक वाक्य माझ्या पॅडिंगनं कुलूपबंद करून सगळ्यांना मेल केलं. उघडणारी चावी सर्व्हरवर. सर्व्हर सगळ्यांना मोकळा, हवे तितके मेसेज पाठवा. वीस तारखेपर्यंत कोणी वाचून दाखवलं तर मी स्वतःच्या हातानं लायब्ररी बसवीन.
वाक्य लहान ठेवावं लागलं. एकशे नव्वद बाइटच मावतात, आणि मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. आडनाव गाळलं.

१८ मार्च, मंगळवार
दुपारी सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या मेसेजची नोंद, पाहिली. कोणीतरी हजारभर मेसेज पाठवलेत. एकही उघडला नाही. पत्ता पाहिला, रोशनी.
हजार वेळा आपटली बिचारी. हजार वेळा माझ्या सर्व्हरनं न चिडता सांगितलं: पहिला बाइट शून्य नाही, कृपया. पहिला बाइट बरोबर आहे, कृपया.
जेवताना ती म्हणाली, सर, त्या एरर अशाच राहू देसान ना? बदलू नका. मी म्हणालो, शब्द आहे माझा. मेहनती मुलीला कोड आवडला की समाधान वाटतं.
नीलाला सांगितलं. ती म्हणाली, जे चुकून राहिलं ते तुम्हीच तिला सांगून राहिले? मी म्हणालो, चूक सांगितल्यानं कोणी बरोबर होत नाही. नीला म्हणाली, नूपुरच्या गणिताच्या बाई तं तसंच शिकवते.
नूपुर आमची मुलगी, दहावीला आहे. इथे तिचा काय संबंध?

१९ मार्च, बुधवार
लॉग: दोन हजार एकशे सत्त्याऐंशी. सगळे चुकलेले. सकाळी साडेदहानंतर एकही नाही. म्हणजे हरली. थांबली.
तिला वाईट वाटू नये म्हणून जवळ जाऊन म्हणालो की, प्रयत्न महत्त्वाचा. ती हो सर म्हणाली आणि प्रिंटरकडे गेली.
फाइलच्या डोक्यावर नाव टाकलं. पूर्ण. आडनावासकट.

२० मार्च, गुरुवार
मीटिंग. मी दहा मिनिटं बोललो. मग गौरांग म्हणाला, रोशनीला काही दाखवायचंय.
ती उभी राहिली. हातात एक कागद. म्हणाली, सर, रागावू नका. मी तुमचा बंद मेसेज घेतला, त्याले थोडं थोडं बदलून सर्व्हरले पाठवत गेली. दर वेळी सर्व्हर सांगे, पहिला बाइट चुकला का त्याच्या पुढचं. मेसेज म्हणजे शेवटी एक मोठा आकडाच; तेवढ्यावरून कळे का तो ठरल्या हद्दीपेक्षा मोठा झाला का लहान. असं अर्धं अर्धं करत गेली. दोन हजार एकशे सत्त्याऐंशी प्रश्न. वीसेक वर्षांआधीच कोणीतरी हे लिहून ठेवलं आहे, मी फक्त तसं केलं.
मी म्हणालो, माझी चावी चोरली का? ती म्हणाली, नाही सर, चावीची गरजच नाही पडली. तुमचा सर्व्हर लय चांगला आहे, सगळं सांगते.
मग तिनं कागदावरचं वाचलं. सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात.
‘हे वाक्य माझ्याशिवाय कोणालाही वाचता येणार नाही. मार्तंड.’
कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. मग गौरांग हसला आणि मग सगळेच.
मी सांगितलं की गणित पूर्ण बरोबर होतं, हॅश बरोबर होता, पॅडिंगचा एकेक बाइट बरोबर होता. फक्त स्वभाव नडला. रोशनी म्हणाली, हो सर, गणितात एकही चूक नव्हती, म्हणून तं वाचता आलं.
हे मी कौतुक म्हणून नोंदवतो.

२१ मार्च, शुक्रवार
लायब्ररी बसवली. स्वतःच्या हातानं, शब्द दिल्याप्रमाणे. सहाशे ऐंशी ओळी काढल्या, एक ओळ टाकली. फाइल उरली नाही, त्यामुळे डोकंही नाही.
मारोतरावांना फोन केला. म्हणालो की काही चुकलं तर आता डबा फक्त ‘अयशस्वी’ म्हणेल, कारण सांगणार नाही. ते म्हणाले, चालते साहेब, ते सातपेक्षा बरं. लोकायले वाचता तं येईन.
या माणसासाठी मी नऊ संदेश लिहिले होते.
रोशनीला चहा पाजला. हल्ल्याचा तो जुना लेख तिच्याकडून मागून घेतला. वाचणार आहे. दोष काढण्यासाठी.

२४ मार्च, सोमवार
ऑडिट. बेचाळीस डिग्री, एसी बंद. ऑडिटर पुण्याचा, शांत माणूस. कुलूप उघडण्याच्या भागावर वीस मिनिटं घालवली. मुद्दाम बिघडवलेले मेसेज पाठवले, दर वेळी तेच उत्तर, तेवढ्याच वेळात. पास.
वही मिटता मिटता म्हणाला, पॅडिंग फार नीटनेटकं आहे, कोणी केलं?
माझा हात वर गेला. खांद्यापर्यंत गेला तेव्हा आठवलं की ते लायब्ररीचं आहे. सगळे माझ्याकडे पाहत होते. रोशनी टेबलाकडे पाहत होती. हात खाली आणणं बरं दिसलं नसतं. म्हणून पाणी मागितलं.
दोन ग्लास प्यायलो. तहान लागली होतीच.