डावी बाजू

शिवाजी पार्क, दादर
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

प्रिय प्रेस्टन,

खांदा कसा आहे? पट्टा निघाला की अजून आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या ॲन्टोनेटने दिलेली बॉटल मसाल्याची बाटली निम्मी संपली. सरोजिनी तो आता पापलेटाच्या भुजण्यातही घालते. आमच्या परभी घरात हे पाप आहे. आई असती तर पानावरून उठली असती.

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. चौथीपासून एका बाकावर बसलो, पुढे चाळीस वर्षं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिलो, पत्र लिहायची गरजच पडली नाही. फोन गेल्या आठवड्यात दोनदा केला. दोन्ही वेळा तू मला बोलू दिलं नाहीस. म्हणून कागद घेतला. बुद्धभूषण परवा सकाळी तुझ्याकडे यायला निघतोय, त्याच्या हाती हे देतो.

कॅम्पर खाली गल्लीत उभी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी काचेवर चिठ्ठी लावलीय, ‘हे वाहन आहे की निवासस्थान, खुलासा करावा.’ आत पलंग आणि गॅस दिसला असणार त्यांना. जुन्या मिनीबसमध्ये एवढं घर बसेल असं मलाही वाटलं नव्हतं. तू नकाशा काढून दिलास म्हणून बसलं.

तुझ्याकडे येईपर्यंतची ट्रिप कशी झाली ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. बारा जानेवारीला निघालो. मी चालवायला, सरोजिनी शेजारी, बुद्धभूषण मागे पलंगावर, आणि ट्रेलरवर आमच्या दोघांच्या मोटरसायकली. हा माणूस तीस वर्षं पोलिसात होता, पण नायगावहून बसला तो थेट खंबाटकीला उठला. वाईला ललिताकडे तीन दिवस राहिलो. कॉलेजात आपल्या मागे डबल सीट बसून ओरडायची ती आता स्ट्रॉबेरीच्या रोपांशी तेवढ्याच आवाजात बोलते. तिच्या फाटकाच्या डाव्या खांबाला कॅम्पर जरा घासली. फाटक अरुंद आहे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, “यातून उसाचा ट्रॅक्टर जातो रे.”

वाईच्या वरच्या पठारावर दोन दिवस गाड्या मारल्या. दगड, माती, सुकलेलं गवत आणि मधोमध गुरांची वाट. बुद्धभूषण दोनदा पडला आणि दोन्ही वेळा हसला. मी एकदाही पडलो नाही. मी पुढे राहायचो ना, म्हणून. पुढे राहिलं की समोर बघावं लागतं, बाकी काही नाही.

मग तुझ्याकडे कोकणात आलो. तुझी काजूची बाग, वरचा कातळाचा सडा, ॲन्टोनेटने तळलेले फुगे. पहिले दोन दिवस किती चांगले गेले.

आज ॲन्टोनेटचा सरोजिनीला फोन होता. म्हणाली, रविवारी तुझी मोटरसायकल बघायला गिऱ्हाईक येतंय. “त्यांचा स्वतःवरचा विश्वासच गेलाय हो. म्हणतात, माझ्यामुळे कमल मेला असता. आता मी गाडीला हात लावणार नाही.”

सरोजिनीने मला ते जसंच्या तसं सांगितलं. मी “बघू” म्हटलं आणि खाली फेरी मारायला गेलो. मैदानाला दोन चकरा झाल्या. नेटमध्ये मुलांची प्रॅक्टिस चालू होती. वर येऊन हे लिहायला बसलो. आता हात थांबलाय. उद्या लिहितो.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज राखेचा बुधवार. सकाळी पोर्तुगीज चर्चवरून आलो, माणसं कपाळाला राख लावून ऑफिसला निघाली होती. तूही तिकडे जाऊन आला असशील.

आता सांगतो. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

नऊ डिसेंबरला मी माटुंग्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल या समजुतीने. त्यांनी एका मशीनवर हनुवटी टेकवायला लावली. समोर बघत राहायचं, कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काही चमकलंच नाही. मी म्हटलं, “मॅडम, मशीन बंद पडलंय.” त्या म्हणाल्या, “चालू आहे. तुम्ही बघत राहा.”

काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जवळजवळ गेलीय. जे गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं. डॉक्टरबाईंनी विचारलं, “गाडी चालवता?” मी हो म्हटलं. “आजपासून नाही. दुचाकी तर अजिबातच नाही.” मी त्यालाही हो म्हटलं.

रिपोर्ट घरी आणला आणि मोटरसायकलच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवला. सरोजिनी ती पेटी कधी उघडत नाही. थेंबांचं विचारलं तेव्हा डोळे कोरडे पडतात म्हणून सांगितलं. आणि महिन्याभरात कॅम्पर काढली. रिटायरमेंटची ट्रिप, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे गाडी चालवणं सुटायच्या आधी एकदा सगळ्यांकडे गाडीवरून जायचं होतं. एवढाच विचार केला. गाडीत आणखी दोघं असणार, रस्त्यावर माणसं असणार, याचा विचार मी केला नाही. केला नाही म्हणजे करायचं टाळलं.

सरोजिनी डावीकडे बसायची. तिची सवय तुला माहीत आहे. “अहो, रिक्षा.” “अहो, बाई रस्ता ओलांडतेय.” लग्न झाल्यापासून या सवयीवरून मी तिच्यावर चिडत आलो. या वेळी चिडलो नाही. तिला वाटलं, नवरा निवळला.

आता सड्यावरचं. चोवीस जानेवारी, सकाळी नऊ-सव्वानऊ. तू खाणीत पडलास तिथपासूनचं तुला आठवतं. त्याच्या आधीचं मी सांगतो.

चिऱ्याच्या जुन्या खाणीपाशी वाट डावीकडे वळते. तू माझ्या डाव्या अंगाला आला होतास. बुद्धभूषण मागे होता, तो सांगतो की तू चांगला पन्नास पावलं माझ्या बरोबरीने चालला होतास, दोनदा ओरडलास. इंजिनाच्या आवाजात मी ते ऐकलं नाही. आणि तू मला दिसला नाहीस. अंधार असतो असं नाही, प्रेस्टन. तिथे सडाच दिसतो, गवत दिसतं, मोकळं दिसतं. डोकंच ते भरून काढतं म्हणे. मी मोकळी वाट बघून डावीकडे वळलो. तुझं हँडल माझ्या पायाला लागलं तेव्हा कळलं की इथे कोणीतरी आहे. तोवर तू खाली गेला होतास.

मी उतरून आलो. तू चिऱ्यांच्या तुकड्यांत आडवा, खांदा भलतीकडे. आणि तू म्हणालास, “सॉरी कमल, मी आतून घुसलो. तुला लागलं नाही ना?”

तिथे मी बोलायला हवं होतं. मी काय म्हणालो आठवतंय? “आतून ओव्हरटेक करतात का रे?”

तीस वर्षं इन्शुरन्सचा सर्व्हेअर होतो मी. अपघात झाला की जायचं, टायरच्या खुणा बघायच्या आणि कोणाची चूक ते लिहून सही करायची. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. तू ठेवलास, ॲन्टोनेटने ठेवला. त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर ती माझे हात धरून म्हणाली, “तुम्ही वाचलात हे देवाचे उपकार.” मी तिलाही बोलू दिलं.

परत येताना बुद्धभूषणने गाडी चालवली. माझी पाठ दुखतेय, असं मी सांगितलं होतं. घरी सोडून जाताना तो म्हणाला, “कमल, मी कणकवलीपासून दर थांब्याला तुझ्या डाव्या बाजूला पाण्याची बाटली धरत होतो. तू एकदाही घेतली नाहीस.” परवा त्याला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाला, “मला सांगून काय उपयोग? लिहून दे, मी घेऊन जातो.”

सरोजिनीला आज सकाळी सांगितलं. ती भाजी निवडत होती. रिपोर्ट तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली.

“म्हणजे मी त्या सीटवर बसून तुमचा डोळा झाले होते?”

“हो.”

“आणि मला माहीत नव्हतं.”

“नाही.”

“मला डुलकी लागली असती तर?”

तिने निवडलेली मेथी धुतली, चाळणीत निथळत ठेवली, हात पुसले. मग हुकावरच्या दोन्ही चाव्या काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. “माझं मी नंतर बघेन,” म्हणाली. “आधी प्रेस्टनना कळवा. तो माणूस तुमच्या पापाने गाडी विकतोय.” तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. दुपारी पान वाढलं, तेवढंच.

सोबत रिपोर्टची झेरॉक्स आहे. दुसऱ्या पानावर दोन गोल आहेत, त्यातला डावा बघ. काळं आहे तिथे तू होतास.

तुझा अंदाज चुकला नाही. तुझा हात चुकला नाही. ज्या वाटेने तू आलास त्या वाटेने कोणीही आला असता, आणि डोळस माणसाने त्याला वाट दिली असती. रविवारच्या गिऱ्हाइकाला परत पाठव. हाड जुळू दे, मग सड्यावर जा. जाशील तेव्हा पुढे कोण आहे ते विचारून घे, एवढंच.

गेल्या आठवड्यात फोनवर तू पुन्हा माफी मागितलीस आणि मी म्हणालो, “जाऊ दे रे, मनात काही ठेवू नकोस.” किती सहज म्हणालो! ती माफी द्यायचा मला हक्क नव्हता. मी ती परत घेतो. तुझी तू मला देशील की नाही, ते तू ठरव. पण लगेच ठरवू नकोस. तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि तशी मला नको आहे. ॲन्टोनेटलाही हे वाचून दाखव. तिला जे वाटेल ते तिने मला सरळ बोलावं.

बुद्धभूषण दोन दिवस तुझ्याकडे थांबणार आहे. काही सांगायचं असेल तर त्याच्याजवळ सांग. नसेल तर रिकाम्या हाताने परत पाठव, मी समजेन.

तुझ्या शेजारी असूनही ज्याने तुला पाहिलं नाही, तो

कमलाकांत