चटईच्या कडेनं चालणारी माणसं

वाशीम, रविवार

वच्छलामावशीले संघदीपचा सविनय जय भीम.

मी इकडं मजेत हाओ. तुह्या गुडघ्याची खुशाली कळव (बाकीची तू मजेतच असते). चार वर्षं झाले तू त्याले तेल चोळून राह्यली. फोनवर दवाखाना म्हटलं की तुहं नेटवर्क जाते, म्हणून पत्र लिहितो. मावसाजीले सांग, संघदीप कामाले लागला. ते 'कितवं काम?' असं विचारतीन. सातवं.

काम हाडाच्या डॉक्टरकडं हाय. डॉक्टर राजपाल पुण्यात अठरा वर्षं लोकाइचे गुडघे बदलत होते. मंग त्याइच्या ध्यानात आलं, की गुडघा नवा बसवला तरी माणूस जुन्याच चालीनं चालते. तवापासून माणूस चालते कसा, यावरच ते संशोधन करून राह्यले. (मी नववीपर्यंत अनसिंगले पायी शाळेत गेलो, तवा कोणी संशोधन केलं नाही.) पेशंट आत आला की डॉक्टर बाहेर जातात अन् त्याची चप्पल उलटी करून पाहतात, कोणत्या बाजूनं झिजली. एकदा चुकून कंपाउंडरची चप्पल हाती आली. त्याचा एक्सरे काढला, तर दुखणं खरंच निघालं.

तर डॉक्टरनं एक पांढरी चटई आणली. तिच्यावर पाय पडला की वजन टाचेवर का पंजावर, ते कॉम्प्युटरात दिसते. शनिवारपर्यंत चाळीस माणसं चटईवरून चालव, नाहीतर आठवं काम शोध, असं ते मले बोलले. मी किन्हीराजा गावावरून आठ जण आणले. पयले जमनाबाई. तिनं चप्पल काढली, नळावर पाय धुतले, पदर सावरला, अन् चटईच्या कडेनं चालत गेली. एवढ्या नव्या चटईवर पाय कसा द्यावा, म्हणे. तिच्या मागून सहा जण तसेच, रांगेनं, कडेकडेनं. आठवे लखीरामबुवा मात्र चटईवर गेले अन् मांडी घालून बसले. चटई अंथरली म्हणजे पंगत, असा त्याइचा हिशेब. जेवणाले किती वेळ हाय, हे त्याइनं दोनदा विचारलं. कॉम्प्युटरात वजन दिसलं, पण ना टाचेवर ना पंजावर.

दुसऱ्या दिवशी एकटे भाऊसिंग आले. घरी चालता तसं चाला म्हटलं, तर ते परेडसारखे चालले अन् शेवटी डॉक्टरले सलाम ठोकला. शुक्रवारपर्यंत चाळीसपैकी नऊच झाले. मंग मी डोकं चालवलं. चटईवर जुनं गोणपाट टाकलं. त्याच्यावरून लोक अगदी आपल्या वावरात चालल्यासारखे चालले, एकतीसच्या एकतीस. पण कॉम्प्युटरात साऱ्याइचा पाय एकच दिसला, तोही गोणपाटाएवढा. अन् गोणपाटातल्या तुरीच्या काड्या चटईत घुसल्या. डॉक्टर चिमट्यानं एकेक काडी उपटत बसले.

बाकी ठीक. मोठ्याइले जय भीम, लहान्याइले खाऊ मी येईन तवा.

तुहा, सध्या तरी एकाच गावात टिकलेला,
संघदीप

ता. क. आपल्या रत्नमालाच्या लग्नाचा व्हिडिओ मी डॉक्टरले दाखवला होता. दाखवत होतो मंडप, पण त्यात तू वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढून राह्यली. डॉक्टरनं तेवढंच अकरा वेळा पाह्यलं. म्हणाले, "गुडघ्याला तेल कशाला चोळतात या? दुखणं डाव्या खुब्यात आहे. आणखी वर्षभर अंगावर काढलं, तर चालणं बंद होईल. आत्ता आल्या तर चालतील." बुधवारी ये. ऑटोवाल्या रवीले पाठवतो.

दुसरा ता. क. 'संघदीप नोकरी वाचवाले मले बोलावून राह्यला,' असं तुले वाटन, म्हणून सांगतो. नोकरी कालच गेली. डॉक्टरनं मले काढलं, तुले बोलावलं हाय.