आधी भाच्याची तपासणी

दि. ३ फेब्रुवारी

चि. काडीपैलवान यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

ताईचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला उतरला का? सूनबाईची तब्येत? इकडे तुझ्या मामीची दाढ काढली. दोन दिवस घर शांत होतं, आता पूर्ववत. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

तुझे दोन शर्ट शिवून झाले. पण बाबा, दर खेपेला दंड नि छाती वाढतेच आहे! मामी म्हणाली, भाच्याच्या आत दुसरा भाचा शिरलाय.

आता कामाचं. ताईने लिहिलंय की पुढच्या महिन्यात सूनबाईला भूल देऊन पोटात दुर्बीण घालणार. लग्नाला तीन वर्षं, आणि तेव्हापासून गोळ्या, सोनोग्राफ्या सगळं त्या पोरीलाच. मी पडलो शिंपी, पण वाचनालयातली पुस्तकं चाळतो. मूल होत नाही तेव्हा निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही कारण निघतं, आणि त्याची पहिली तपासणी सोपी. कापाकापी नाही, भूल नाही. तुझी झाली का? खरं लिही.

तुझा मामा


दि. १२ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे. बाबांचा खोकला त्यांच्यासारखाच हट्टी.

मापाच्या थट्टेवर हसू आलं नाही. तपासणी मी गुपचूप दुसरीकडे करून घेतली. शुक्राणू शून्य. एकही नाही. हिला नि डॉक्टरांना सांगितलं की सगळं उत्तम आहे, कागद तेवढा आणायचा राहतोय.

आणखी एक. लहानपणापासून काडीपैलवान ऐकत आलो. लग्नात तरी कोट भरून दिसावा म्हणून व्यायामशाळेतल्या उस्तादाकडून ताकदीच्या सुया सुरू केल्या. तो म्हणाला, पुरुषाचाच हार्मोन आहे, झाला तर फायदाच. त्या अजून चालू आहेत. या सुयांचा त्या शून्याशी संबंध असेल का? हिला सांगितलं तर माझं तोंड बघणार नाही.

आपला भाचा


दि. १८ फेब्रुवारी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

ते नाव आजपासून बंद. पण आता ऐक. संबंध आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, उस्ताद तर नाहीच. डॉक्टर सांगतील, पण सुयांचं त्यांना कळलं तर ना! फाटलाय तुझा खिसा, आणि टाके घालतायत तिच्या पदराला. हे तुला बघवतं?

शून्य आलं म्हणून तू माझा कमी भाचा झाला नाहीस. तोंड बघणार नाही म्हणतोस. नाही बघणार थोडे दिवस. सोस. पण दुर्बिणीच्या आधी सांग.

तुझा मामा


दि. ६ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामींच्या दाढेची जखम भरून आली का? हे पत्र मी लिहितेय, कारण लिहायला हे लाजतात. मी भाजी चिरत असताना यांनी सगळं सांगितलं. मी आधी सुरी खाली ठेवली, म्हणून तुमचा भाचा शाबूत आहे. चार दिवस बोलले नाही. मग मीच डॉक्टरांची वेळ घेतली.

त्यांनी यांना गालगुंड, जुना ताप, ऑपरेशन, तंबाखू, सगळं विचारलं. अंग तपासलं, रक्त घेतलं. म्हणाले, हा हार्मोन बाहेरून मिळायला लागला की शरीर आपला शुक्राणूंचा कारखाना बंद ठेवतं. सुया बंद करून त्यांच्या देखरेखीखाली राहायचं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. कदाचित वर्ष लागेल, कदाचित जास्त. मूल होईलच असा शब्द ते देत नाहीत. माझी दुर्बीण तूर्त रद्द.

तपासणीच्या वेळी हे आत होते आणि मी बाहेर बाकावर. तीन वर्षांत पहिल्यांदाच. घामाघूम होऊन बाहेर आले नि मला विचारलं, तुला दर वेळी असंच वाटायचं का? तिथेच, चार माणसांत, मला रडू फुटलं.

राग अजून गेलेला नाही. तुम्ही मात्र यांना रागवू नका. ते काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. माया आहेच, ती दोघांवर ठेवा, आणि पत्र लवकर लिहा.

तुमची भाचेसून